प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड: का आणि कसा

डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरमधून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. कंपनीने ते कोणतेही सांकेतिक रूप न देता, वापरकर्त्यांनी टाइप केले तसेच साठवले होते. त्यामुळे माणसे प्रत्यक्षात कसे पासवर्ड ठेवतात, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर सर्वांसमोर आले. त्या यादीत सर्वांत जास्त वेळा आढळलेला पासवर्ड १२३४५६ हा होता आणि तो जवळपास २ लाख ९० हजार जणांनी ठेवला होता. ती यादी आजही इंटरनेटवर सहज मिळते. त्यानंतर झालेल्या चोऱ्यांतून तिच्यासारख्या अनेक याद्यांची भर पडली असून पासवर्ड फोडण्याचे काम आज मुख्यतः या याद्यांच्या आधारेच चालते.

ही गोष्ट आधी सांगण्याचे कारण असे की, बहुतेक जण पासवर्ड ठरवताना वेगळ्याच शत्रूचा विचार करतात. कोणीतरी ओळखीचा माणूस समोर बसून आपल्याविषयी अंदाज बांधेल, अशी ती कल्पना असते. म्हणून मुलीच्या नावातले एक अक्षर बदलणे, शेवटी @१२३ जोडणे किंवा जन्मतारीख उलटी लिहिणे पुरेसे वाटते. प्रत्यक्षात खाते फोडणाऱ्याला तुमचे नावही ठाऊक नसते आणि ते जाणून घेण्याची त्याला गरजही नसते. त्याच्याकडे लाखो लोकांचे ईमेल पत्ते, खऱ्या माणसांनी खरोखर वापरलेल्या पासवर्डांच्या याद्या आणि त्या याद्यांवर न थकता काम करणारा प्रोग्राम असतो. गणपती, साईबाबा, शिवाजी, आई ही नावे रोमन लिपीत लिहून त्यांच्या मागे वर्ष किंवा चिन्ह जोडण्याची युक्ती आपल्याला घरगुती वाटली, तरी भारतीय वापरकर्त्यांचे पासवर्ड या याद्यांत असतातच. आणि शेवटी अंक जोडणे, ‘ए’च्या जागी @ घालणे, पहिले अक्षर मोठे करणे हे सर्व बदल प्रोग्राम आपोआप करून पाहतो.

पासवर्ड चोरीला जातो म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व उपाय त्यावरच अवलंबून आहेत. जबाबदार संकेतस्थळ पासवर्ड मूळ रूपात ठेवत नाही. पासवर्ड एका गणिती प्रक्रियेतून काढल्यावर जी अक्षरांची आणि अंकांची माळ तयार होते, तिला हॅश म्हणतात आणि संकेतस्थळ तेवढीच साठवते. दळलेल्या पिठाचा जसा पुन्हा गहू करता येत नाही, तसा हॅशवरून मूळ पासवर्ड मागे काढता येत नाही. आपण लॉगिन करतो तेव्हा नव्याने टाइप केलेल्या पासवर्डचा हॅश काढून तो साठवलेल्या हॅशशी जुळतो की नाही, एवढेच पाहिले जाते. मात्र हॅशची यादी चोरणाऱ्याला उलट दिशेने जाण्याची आवश्यकताच नसते. तो संभाव्य पासवर्डांची यादी घेतो, प्रत्येकाचा हॅश स्वतःच्या संगणकावर काढतो आणि चोरलेल्या हॅशांपैकी कोणाशी तो जुळतो हे पाहतो. तीन वेळा चुकल्यावर खाते बंद होण्याची व्यवस्था येथे उपयोगी पडत नाही, कारण हे सर्व त्याच्या घरी, संकेतस्थळाला पत्ता न लागता चाललेले असते.

यावर १९७९ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी एक उपाय सविस्तर मांडला: प्रत्येक पासवर्डला हॅश काढण्यापूर्वी एक वेगळा यादृच्छिक, म्हणजे कोणत्याही नियमाविना योगायोगाने निवडलेला, मजकूर जोडावा, म्हणजे दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी त्यांचे हॅश वेगळे येतील आणि चोराला प्रत्येक खात्यासाठी नव्याने मेहनत करावी लागेल. या मजकुराला सॉल्ट म्हणतात. उपाय इतका जुना असूनही २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश उघड झाले, तेव्हा त्यांना सॉल्ट जोडलेलेच नव्हते. यावरून निघणारा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. कोणते संकेतस्थळ आपला पासवर्ड किती काळजीने ठेवते, हे बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. म्हणून यांपैकी एखादे संकेतस्थळ कधीतरी फुटणारच, असे गृहीत धरूनच आपली व्यवस्था लावली पाहिजे.

आता थोडे गणित. आजचे एक उच्च क्षमतेचे ग्राफिक्स कार्ड एमडी५ या जुन्या प्रक्रियेने सेकंदाला १०,००० कोटींहून अधिक हॅश काढू शकते. इंग्रजीच्या लहान लिपीतील आठ अक्षरांचे एकूण प्रकार सुमारे २०,८८२ कोटी होतात, म्हणजे ते दोन-तीन सेकंदांत संपतात. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६ ते ९ यांपैकी अंकाने सुरू होतो, त्यामुळे सर्व शक्य क्रमांक ४०० कोटी भरतात आणि त्यांना एक सेकंदही लागत नाही. शंभर वर्षांतल्या सर्व जन्मतारखा तर साडेछत्तीस हजारांच्या आसपास आहेत. अक्षरे, अंक आणि चिन्हे मिळून कळफलकावरील ९५ खुणांतून पूर्णपणे यादृच्छिक निवडलेल्या आठ खुणांना याच वेगाने सुमारे १८ तास लागतात, तर तशाच बारा खुणांना सुमारे १ लाख ७० हजार वर्षे. बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ यांसारख्या मुद्दाम संथ केलेल्या प्रक्रिया वापरल्या, तर हा वेग कितीतरी पटींनी खाली येतो. पण त्या वापरायच्या की नाहीत, हे आपल्या हाती नसते. आपल्या हाती लांबी आणि यादृच्छिकता या दोनच गोष्टी असतात. त्यांतही यादृच्छिकता नसेल तर लांबीचा उपयोग थोडाच होतो, कारण नाव, चिन्ह आणि जन्मवर्ष यांनी बनलेले अकरा अक्षरांचे पासवर्ड यादीच्या आणि नियमांच्या साहाय्याने काही मिनिटांत सापडू शकतात.

एक मोठे अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह हवेच, असा जो आग्रह अनेक संकेतस्थळे धरतात, त्याचे मूळ बऱ्याच अंशी अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेतील बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शक सूचनांत आहे. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःच त्यांतल्या बऱ्याच सूचनांबद्दल खेद व्यक्त केला आणि त्याच वर्षी निस्टने नव्या सूचना प्रसिद्ध केल्या. अशा अटी लादू नयेत, ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, लांब पासवर्ड स्वीकारावेत आणि नवा पासवर्ड फुटलेल्या याद्यांत आहे का हे तपासावे, असे त्या सांगतात. दर तीन महिन्यांनी बदलण्याच्या सक्तीमागचा हेतू चांगला असला, तरी माणूस अशा वेळी काय करतो हे उघड आहे: तो शेवटचा अंक वाढवतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात २०१० मध्ये झालेल्या अभ्यासात, जुना पासवर्ड माहीत असल्यास सुमारे १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचपेक्षा कमी प्रयत्नांत ओळखता आला. आपली बँक तरीही सक्ती करत असेल, तर ती पाळावीच लागेल. मात्र प्रत्येक वेळी संपूर्ण नवा पासवर्ड तयार करावा.

आता मुख्य मुद्दा. पासवर्ड कितीही भक्कम असला, तरी तो दोन ठिकाणी वापरला की त्यांतल्या सर्वांत निष्काळजी संकेतस्थळाइतकाच सुरक्षित राहतो. एखाद्या किरकोळ खरेदीच्या संकेतस्थळावरून चोरलेले ईमेल आणि पासवर्ड यांच्या जोड्या घेऊन त्या इतर शेकडो सेवांवर आपोआप वापरून पाहणे, हा आज खाती बळकावण्याचा अत्यंत प्रचलित मार्ग आहे. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्रीअँडमी या जनुकचाचणी करणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या सुमारे १४,००० खात्यांत अशाच पद्धतीने प्रवेश झाला. त्या लोकांनी दुसरीकडे फुटलेला पासवर्ड येथेही ठेवला होता. कंपनीच्या नातेवाईक शोधण्याच्या सुविधेमुळे त्या खात्यांमधून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या स्वतःच्या पासवर्डचा त्यात काहीही दोष नव्हता.

प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, हा नियम एकदा मान्य केला की स्मरणशक्तीवर विसंबून चालत नाही. प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधी, डिजिलॉकर, दोन बँका, डीमॅट, रेल्वेचे आरक्षण, वीजबिल, मुलांच्या शाळेचे ॲप एवढी यादी केली तरी सामान्य घरातली खाती सहज तीस-चाळीसच्या पुढे जातात. म्हणून चांगला पासवर्ड तयार करण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक महत्त्व मी ते नीट साठवून ठेवण्याला देतो.

त्यासाठी पासवर्ड मॅनेजर हा सर्वांत चांगला उपाय आहे. हा प्रोग्राम प्रत्येक खात्यासाठी यादृच्छिक पासवर्ड तयार करतो, ते सर्व सांकेतिक रूपात एका फाइलमध्ये ठेवतो आणि ती फाइल एकाच मुख्य पासवर्डने उघडते. बिटवॉर्डन आणि कीपास हे विनामूल्य मिळतात. अँड्रॉइड फोन आणि क्रोममध्ये गूगलचा, तर ॲपलच्या उपकरणांत ॲपलचा मॅनेजर आधीपासूनच असतो. ज्याला नवे ॲप घेण्याचा कंटाळा आहे त्याने फोनमधलाच वापरावा, कारण तोही स्मरणशक्तीपेक्षा कितीतरी सरस आहे. सगळे एकाच ठिकाणी ठेवणे धोक्याचे नाही का, हा प्रश्न रास्त आहे. २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीकडून ग्राहकांच्या अशा फाइलींच्या प्रती खरोखरच चोरीला गेल्या. पासवर्ड सांकेतिक रूपात असल्यामुळे ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब आणि यादृच्छिक होता त्यांचे फारसे बिघडण्याचे कारण नव्हते. ज्यांचा कमकुवत होता त्यांची फाइल मात्र चोराला सवडीने, हवे तितके प्रयत्न करून उघडता येणार होती. मॅनेजरचा आणखी एक लाभ क्वचितच सांगितला जातो. तो पासवर्ड केवळ ज्या पत्त्यासाठी जतन केला असेल त्याच पत्त्यावर आपोआप भरतो. बँकेच्या पानासारखे हुबेहूब दिसणारे बनावट पान डोळ्यांना फसवते, मॅनेजरला फसवत नाही. म्हणून तो नेहमीच्या पानावर पासवर्ड भरत नसेल, तर हाताने टाइप करण्यापूर्वी पत्ता अक्षर न् अक्षर वाचून पाहावा.

ज्येष्ठांना हे जमणार नसेल, तर कागदाची वही वापरायला हरकत नाही. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००५ मध्येच, भक्कम पासवर्ड निवडा आणि तो लिहून ठेवा, असा सल्ला दिला होता. घरातल्या कपाटात ठेवलेली वही दुसऱ्या खंडातील चोराला वाचता येत नाही. फोनच्या संपर्क यादीत नातेवाइकाच्या नावाखाली लपवलेला पासवर्ड, स्वतःलाच पाठवलेला व्हॉट्सॲप संदेश किंवा ईमेलमध्ये पडलेली एक्सेल फाइल मात्र फोन किंवा खाते हाती लागताच उघडी पडते. वहीत यूपीआय आणि एटीएमचे पिन लिहू नयेत, आणि ती घराबाहेर नेऊ नये.

मुख्य पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड आणि संगणक उघडण्याचा पासवर्ड एवढे दोन-तीनच काय ते पाठ असावे लागतात. त्यांच्यासाठी शब्दमाळ उत्तम. १९९५ मध्ये आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी डाइसवेअर ही पद्धत मांडली: ७,७७६ शब्दांची यादी घ्यायची, फासा पाच वेळा टाकून येणाऱ्या क्रमांकाचा शब्द उचलायचा आणि असे पाच-सहा शब्द एकापुढे एक लिहायचे. मराठीत हे घरी करायचे असेल, तर सहाशे पानांचा एखादा शब्दकोश आणि पाकिटातल्या जुन्या नोटा पुरतात. नोटेच्या क्रमांकाचे शेवटचे तीन अंक हा पानाचा क्रमांक समजावा; कोशात तेवढी पाने नसतील तर ती नोट सोडून द्यावी; त्या पानावरचा ओळखीचा असा पहिला शब्द घ्यावा. सहा नोटांतून कमान, उसळ, टपाल, विहीर, चिमटा, दिवाण असे काहीतरी हाती येईल. कोणता कोश वापरला हे चोराला ठाऊक आहे असे धरले, तरी त्याला सुमारे ४६७ कोटी कोटी प्रकार तपासावे लागतील, म्हणजे आठ यादृच्छिक खुणांच्या सातपट. आणि या सहा वस्तू एका चित्रात बसवून लक्षात ठेवणे आठ विसंगत खुणांपेक्षा पुष्कळ सोपे जाते. शब्द आवडला नाही म्हणून बदलू नये, कारण आवडीने निवडलेले शब्द यादृच्छिक राहत नाहीत. अभंगाची ओळ, आरतीचे ध्रुपद किंवा चित्रपटातला गाजलेला संवाद तर घेऊच नये. प्रसिद्ध ओळी याद्यांमध्ये असू शकतात. रोमन लिपीत लिहिताना विहीर या शब्दात ‘आय’ वापरला की दोनदा ‘ई’, हे एकदा ठरवून तसेच लिहून ठेवावे, अन्यथा महिन्याभराने आपणच बाहेर राहू.

देवनागरीतच पासवर्ड ठेवावा का, असे पुष्कळदा मनात येते. तत्त्वतः ते योग्य आहे, परंतु अनेक भारतीय संकेतस्थळे तो स्वीकारत नाहीत, आणि स्वीकारला तरी ‘ऱ’सारखे अक्षर संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवले जाऊ शकते. पडद्यावर सारखे दिसणारे दोन ‘ऱ’ हॅशच्या दृष्टीने भिन्न ठरल्यास एका फोनवर चालणारा पासवर्ड दुसऱ्यावर नाकारला जाईल. म्हणून सध्या तरी रोमन लिपीच बरी.

काम कोठून सुरू करावे, तर ईमेलपासून. जवळजवळ प्रत्येक सेवेचा पासवर्ड बदलण्याची लिंक ईमेलवर येते, त्यामुळे ज्याच्या हाती ईमेल गेले त्याच्या हाती उरलेली खातीही हळूहळू जातात. त्यानंतर पैशांशी आणि ओळखपत्रांशी संबंधित खाती घ्यावीत. बाकीची खाती, जसजसे लॉगिन करण्याची वेळ येईल तसतशी, एकेक करून बदलली तरी चालेल. सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या हॅव आय बीन पोन्ड या संकेतस्थळावर आपला ईमेल पत्ता कोणकोणत्या चोऱ्यांत आढळला हे विनामूल्य पाहता येते, आणि प्राधान्य ठरवण्यास त्याची मदत होते.

ईमेल आणि व्हॉट्सॲप यांना पडताळणीचा दुसरा टप्पाही लावावा. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीपेक्षा दर ३० सेकंदांनी सहा अंकी कोड बदलणारे ऑथेंटिकेटर ॲप अधिक भरवशाचे, कारण सिम कार्डची फसवून दुसरी प्रत काढणाऱ्याला एसएमएस मिळतो, ॲपमधला कोड मिळत नाही. तरीही फोनवर गोड बोलून विचारणाऱ्याला आपणच कोड वाचून दाखवला, तर दोन्ही सारखेच निकामी ठरतात. गूगल या वेळी दहा बॅकअप कोड देते. ते छापून त्या वहीत ठेवावेत, फोन हरवल्यावर तेवढाच आधार उरतो. जेथे पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी आपल्या फोनच्या किंवा संगणकाच्या कुलपानेच लॉगिन करण्याची, सोय आहे तेथे ती अवश्य घ्यावी: तिच्यात संकेतस्थळाकडे कोणताही गुप्त शब्द ठेवलेला नसतो, त्यामुळे त्यांच्याकडून चोरण्यासारखे काही राहत नाही.

पासवर्ड विसरल्यास विचारल्या जाणाऱ्या सुरक्षा-प्रश्नांकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहत नाही. २००८ मध्ये अमेरिकी राजकारणी सारा पेलिन यांचे ईमेल खाते, त्यांच्याविषयीच्या जाहीर माहितीतून या प्रश्नांची उत्तरे शोधून उघडण्यात आले होते. आईचे माहेरचे आडनाव आपल्याकडे मामाच्या घरातल्या लग्नपत्रिकेवर छापलेले असते. या प्रश्नांना खरे उत्तर देण्याचे बंधन नसते. तेथेही यादृच्छिक शब्द भरून तो मॅनेजरमध्ये किंवा वहीत नोंदवावा. आधारच्या पीडीएफ फाइलबाबतही असाच गैरसमज आहे. नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष हा तिचा पासवर्ड सर्वांना ठाऊक असलेल्या नियमाने बनतो, त्यामुळे नाव माहीत असलेल्या माणसाला जेमतेम शंभर जन्मवर्षे घालून पाहावी लागतात. ती फाइल पासवर्ड आहे म्हणून निर्धास्तपणे पुढे पाठवणे योग्य नाही, आणि त्याच साच्याचा पासवर्ड इतर खात्यांना देणे तर मुळीच नाही.

घरातला सर्व व्यवहार एकच माणूस सांभाळत असेल, तर त्याच्या पश्चात इतरांचे काय, याचा विचार त्याने स्वतः करायला हवा. गूगलमध्ये खाते दीर्घकाळ निष्क्रिय राहिल्यास निवडक व्यक्तींना त्यातला मजकूर देण्याची सोय आहे, ॲपलमध्ये वारसदार संपर्क नेमता येतो, आणि काही मॅनेजरमध्ये आपत्कालीन प्रवेश देता येतो. बँकेच्या बाबतीत मात्र पासवर्ड मागे ठेवणे हा मार्ग नव्हे. तेथे नामनिर्देशन अद्ययावत असणे आवश्यक आहे. वहीत कोणत्या बँकेत, कोणत्या विमा कंपनीत खाते आहे एवढी नोंद असली, तरी कुटुंबाचे कित्येक महिन्यांचे हेलपाटे वाचतात.

शेवटची बाब मोबाइल क्रमांकाची. भारतात बंद केलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि त्यानंतर त्या क्रमांकावर येणारे आपले ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातात. परदेशी स्थायिक होताना येथील सिम कार्ड रिचार्ज न करता सोडून देणारे अनेक जण असतात आणि त्यांच्या बँकेला, ईमेलला, आधारला तोच क्रमांक जोडलेला राहतो. क्रमांक सोडण्यापूर्वी मॅनेजरमधली किंवा वहीतली यादी समोर ठेवून प्रत्येक खात्यातला तो बदलावा. आधारमधील क्रमांक बदलण्याचे काम प्रवासाच्या तारखेच्या बरेच आधी उरकावे. आणि एवढे करूनही पैशांची फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर त्याच तासात तक्रार नोंदवावी, कारण पैसे पुढच्या खात्यात वळते होण्यापूर्वीच ते रोखून धरण्याची शक्यता असते.